तांबड्या पेशीला पोटजात नसते

दर हिवाळ्यात विदर्भात आमच्या समाजाचे वधू-वर परिचय मेळावे भरतात. मांडव पडतो, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले जातात, त्रिसरण-पंचशील होते आणि मग मुले-मुली एकेक करून माईकसमोर येतात. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, पगार. फॉर्मवर रंगाचाही रकाना असतो. काही फॉर्मांवर अजूनही पोटजातीचा रकाना असतो, आणि जिथे तो काढून टाकला आहे तिथे मूळ गाव व मामाचे आडनाव विचारून तेच काम केले जाते. जो रकाना खरोखर हवा तो मात्र क्वचित दिसतो. सिकलसेलची तपासणी केली आहे काय?

हे लिहायला एक फोन कारण झाला. पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावाहून एक वडील बोलत होते. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे. थंडी वाढली की त्याचे हातपाय असे दुखतात की तो अंथरुणावर गडबडा लोळतो. एका दवाखान्यात त्याला घेऊन गेले तेव्हा तिथल्या माणसाने सांगितले, ताप नाही, सूज नाही, पोरगा शाळा बुडवायला नाटक करतो. वडिलांना त्याचा राग होताच. पण त्यांनी आम्हाला विचारले ते वेगळेच. ते म्हणाले, "साहेब, आमच्याच रक्तात असं काय आहे?"

प्रश्न साधा आहे, आणि त्याचे उत्तर भोंदूबाबाकडे नाही तसे नशिबातही नाही. उत्तर एका पेशीत आहे. ती पेशी समजून घेतल्याशिवाय हा आजार समजत नाही, आणि आजार समजल्याशिवाय त्याच्या नावाने चालणारे राजकारण, सामाजिक आणि घरगुती दोन्ही, समजत नाही. म्हणून आज थोडे विज्ञान.

आपल्या शरीरात शेकडो प्रकारच्या पेशी आहेत आणि प्रत्येकीची घडण तिच्या कामाप्रमाणे झालेली आहे. पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या मज्जापेशीचा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो, कारण तिला निरोप पोचवायचा असतो. आतड्याच्या आतल्या पेशींना ब्रशासारखे बारीक केस असतात, कारण त्यांना अन्न शोषायचे असते. पांढरी पेशी वाटेल तसा आकार बदलून जंतूला गिळते. परंतु कामासाठी स्वतःला सर्वांत जास्त बदलून घेणारी पेशी कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही तांबड्या पेशीचे नाव घेऊ. शाळेच्या पुस्तकात तिला लोहित रक्तकणिका म्हणतात.

तिचे काम एकच. फुप्फुसातून प्राणवायू घ्यायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवायचा. त्यासाठी तिचा आकार कसा आहे पाहा. दोन्ही बाजूंनी मध्ये दाबलेली चपटी चकती. रुंदी साधारण साडेसात मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा नऊ-दहा पेशी शेजारी शेजारी मावतील. तेवढाच ऐवज गोल चेंडूत भरला असता तर प्राणवायू आत-बाहेर जायला जागा कमी मिळाली असती. चकतीमुळे पृष्ठभाग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि आतला कुठलाही भाग पृष्ठभागापासून दूर राहत नाही. शिवाय पूर्ण भरलेला चेंडू दबत नाही, अर्धवट भरलेली पिशवी दबते. तांबडी पेशी तशीच, घडी पडणारी आहे. तिला ज्या केशवाहिन्यांतून जायचे असते त्यांतल्या कित्येक तिच्या रुंदीपेक्षा अरुंद असतात. ती दुमडते, लांबट होते, पलीकडे निघते आणि पुन्हा पूर्ववत होते. पाणथरीतल्या फटी तर एक मायक्रॉनच्या आसपासच्या. दर फेरीला कितीतरी पेशी तिथून निघतात. जी दबू शकत नाही ती तिथेच अडकते आणि मोडीत निघते.

आता तिचा त्याग पाहा. शरीरातील बहुतेक पेशींना केंद्रक असते. त्यात त्या पेशीचा सगळा वारसा, सगळी लिखापढी असते. कोंबडीच्या आणि बेडकाच्या तांबड्या पेशीतही ते असते. माणसाची तांबडी पेशी मात्र हाडाच्या मज्जेत तयार होत असतानाच आपले केंद्रक बाहेर टाकून देते. पुढे ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही टाकून देते. जागा कशासाठी? हिमोग्लोबिनसाठी. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू प्राणवायूचे चार रेणू उचलतो. म्हणजे एक पेशी एका खेपेला शंभर कोटींहून अधिक रेणू वाहून नेऊ शकते. आणि गंमत अशी की, ज्या प्राणवायूची ती जन्मभर हमाली करते त्यातला एकही कण ती स्वतःच्या ऊर्जेसाठी वापरत नाही. वापरायची यंत्रणाच तिने ठेवलेली नाही. ती साखर जाळून, प्राणवायूविना, आपले पोट भरते. धान्याच्या कोठारात पोती वाहणारा पण घरी कण्या खाणारा माणूस आमच्या वाचकांना नवा नाही.

या त्यागाची किंमत तिला द्यावी लागते. केंद्रक नाही म्हणून झीज भरून काढता येत नाही. ती सुमारे १२० दिवस जगते. विश्रांतीत रक्ताची एक फेरी साधारण मिनिटाची धरली तर तेवढ्या आयुष्यात पावणेदोन लाखांच्या आसपास फेऱ्या होतात. मग ती मोडते आणि मज्जा तिच्या जागी नवी देते. निरोगी मोठ्या माणसाच्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होत असतात.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. समाजाला शरीराची उपमा देऊन चातुर्वर्ण्याचे समर्थन करणारी मंडळी आजही कमी नाहीत. पुरुषसूक्तातील ती कल्पना सर्वांना माहीत आहे: एक मुखातून, एक बाहूंतून, एक मांड्यांतून, एक पायांतून. आमचा तर त्या देहात कुठे उल्लेखही नाही. आता हीच मंडळी सुटाबुटात येऊन विज्ञानाच्या भाषेत सांगतात की शरीरात जशा पेशींनी कामे वाटून घेतली तशीच समाजात जातींनी वाटून घेतली, त्यात वाईट काय? आमचे म्हणणे असे की शरीरावरून समाजाचे कायदे काढूच नयेत. पेशीला मन नसते, माणसाला असते. पण काढायचेच असतील तर पेशीविज्ञान अर्धवट वाचू नये. डोळ्यातील पेशी आणि तळपायातील पेशी एकाच फलित बीजापासून निघतात आणि दोघींकडे वारसा एकच असतो. फरक एवढाच की कोणीचे कोणते पान उघडे आहे आणि कोणते मिटलेले आहे. हाडाच्या मज्जेतील एकच मूळपेशी तांबडी पेशी देते, जंतूशी लढणारी पांढरी पेशी देते आणि रक्त गोठवणारी बिंबिकाही देते. तिथे क्षत्रियाची मज्जा वेगळी आणि शूद्राची वेगळी असा प्रकार नाही.

त्याहून पुढची गोष्ट. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून नवा जीव वाढवून दाखवला. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेकडील पेशीला पुन्हा मूळपेशीच्या अवस्थेत नेऊन दाखवले. दोघांना २०१२ साली नोबेल मिळाले. म्हणजे कामात मुरलेल्या पेशीच्या केंद्रकातही सगळा वारसा शाबूत असतो, आणि योग्य परिस्थिती मिळाली की त्यातून दुसरे काहीही घडू शकते. जन्माने काम ठरते आणि ते कधी बदलत नाही, हा मनूचा सिद्धांत पेशीला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे दाखवून दिले होते, तेव्हा हे शोध लागायचे होते.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ.

हिमोग्लोबिन म्हणजे चार साखळ्यांचा जुडगा. त्यांतल्या बीटा नावाच्या साखळीत १४६ मणी असतात, ज्यांना अमायनो आम्ले म्हणतात. सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बाकी सगळे जसेच्या तसे. जनुकाच्या लिखाणात एक अक्षर चुकले, एवढेच. हिमोग्लोबिनमधला हा नेमका फरक व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये शोधला आणि त्याचा पहिला लेख ऑक्टोबर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले तोच महिना. तिथे जमलेल्यांत किती जणांच्या रक्तात ते अक्षर असेल, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद वैद्यकीय वाङ्मयात पुढे १९५८ मध्ये झाली.

एका मण्याने काय होते? बदललेले हिमोग्लोबिन फुप्फुसात प्राणवायू नीट उचलते. अडचण येते ती ओझे उतरवल्यावर. प्राणवायू सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ दोर तयार होतात आणि ते दोर पेशीला आतून ताणतात. चकतीचा विळा होतो. सिकल म्हणजे विळा. सुरुवातीला ही पेशी पुन्हा प्राणवायू मिळाला की सरळ होते; पण वारंवार असे झाले की आकार कायमचा बिघडतो. जिचे सगळे कौशल्य दबण्यात आणि दुमडण्यात होते ती आता ताठ झाली. अरुंद केशवाहिनीत ती अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुंबतो. हाडात तुंबला की त्या मुलासारख्या वेदना होतात. छातीत तुंबला तर श्वास कोंडतो, मेंदूत तुंबला तर लहान मुलालाही लकवा मारतो, खुब्याच्या सांध्यात तुंबला तर ऐन तिशीत माणूस लंगडू लागतो. पाणथरी लहानपणीच निकामी होते, म्हणून न्यूमोनियासारखे संसर्ग अशा मुलांच्या जिवावर उठतात. आणि १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत मोडते. मज्जा कितीही राबली तरी भरपाई होत नाही. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे.

ज्याने त्या पोराला नाटकी म्हटले त्याला एवढेच सांगायचे आहे की वेदना थर्मामीटरवर दिसत नसते. आणखी एक चूक सर्रास होते. रक्त कमी दिसले की लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. सिकलसेलमधले रक्त लोह कमी आहे म्हणून कमी झालेले नसते, पेशी लवकर मोडते म्हणून कमी झालेले असते. आधी तपासणी, मग गोळ्या. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, फॉलिक आम्ल, लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया, हे आजचे साधे पण उपयोगी उपचार आहेत. पाण्याचे महत्त्व पेशीच्या रचनेतूनच येते: पेशीतले पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाट होते आणि दोर लवकर वळले जातात. हायड्रॉक्सीयुरियाने गर्भातील बाळाच्या रक्तात असते तसले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते, आणि ते दोर होऊ देत नाही. त्याच कारणाने असे बाळ पहिले सहा महिने ठणठणीत दिसते, आणि मग दृष्ट लागली म्हणून घरचे लोक मिरच्या ओवाळतात.

"आमच्याच रक्तात" याचे उत्तर मात्र इतिहासात आणि भूगोलात आहे. सिकलसेलला काही ठिकाणी हिणवून 'महारांचा रोग' म्हटले जाते, आणि दुःखाची गोष्ट अशी की आमच्यातलेही काही लोक ते मनात धरून खाली मान घालतात. मान खाली घालण्यासारखे त्यात काही नाही. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या विळ्याच्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा त्यांचा रुग्ण कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटाचा, दंतवैद्यकी शिकणारा तरुण होता. हे जनुक आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस-इटलीच्या किनाऱ्यांवर आहे. भारतात ते गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात आहे, आमच्यात आहे, आणि तेली-कुणब्यांतही आहे. या सगळ्यांची जात एक नाही, धर्म एक नाही. एक गोष्ट समान आहे. त्यांचे पूर्वज हिवतापाच्या मुलखात राहिले.

अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले की ज्याला हे जनुक एकाच पालकाकडून मिळाले आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीतच शिरून वाढतो. वाहकाची अशी जंतू शिरलेली पेशी लवकर वाकडी होते आणि पाणथरी तिला जंतूसकट बाजूला काढते. जंगल, तळी आणि भाताच्या बांध्यांच्या चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदिया पट्ट्यात, जिथे हिवतापाने गावेच्या गावे आडवी केली, तिथे हे अक्षर ज्यांच्याकडे होते त्यांची मुले जगली. आपण त्यांचे वंशज आहोत. तेव्हा त्या वडिलांना आम्ही सांगितले की तुमच्या रक्तात पूर्वजांनी दिलेल्या झुंजीची खूण आहे. पण ही खूण एकीकडूनच आली तर ढाल आहे. आई आणि बाप दोघांकडून आली तर तुमच्या मुलाचे जे झाले ते होते.

आणि दोघांकडून येण्याची शक्यता कशाने वाढते? इथे बाबासाहेबांकडे यावे लागते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात, म्हणजे बेटीबंदीत आहे, असे मांडले. विटाळ, रोटीबंदी, धंदा ही सगळी वरची आवरणे. आतला खिळा बेटीबंदीचा. ती मांडणी समाजशास्त्राची होती. रक्तपेशीलाही ती लागू पडते.

हिशेब सोपा आहे. समजा एखाद्या गटात शंभरात वीस वाहक आहेत. लग्ने त्याच गटात, तपासणीविना होत राहिली तर शंभर जोडप्यांपैकी चार जोडप्यांत दोघेही वाहक निघतील. आता समजा त्याच गटातल्या मुलामुलींनी अशा समूहात लग्ने केली जिथे शंभरात एकच वाहक आहे. तर दोघेही वाहक असलेले एक जोडपे निघायला पाचशे लग्ने लागतील. वीसपट फरक. औषधाची एक गोळी न देता. कुंपण जितके लहान तितके तेच ते जनुक कुंपणातल्या कुंपणात फिरत राहते. आमच्या साडेबारा पोटजाती ही असलीच लहान कुंपणे आहेत. १९५६ ला हिंदू धर्म सोडला, मूर्ती विहिरीत टाकल्या, पण सोयरीक बघताना "ते आपल्यातले नाहीत" हे वाक्य कितीतरी बौद्ध घरांत अजून ऐकू येते. कोणी कितीही रागावले तरी हे लिहिणे भाग आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली सहभोजनाने भागणार नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे सांगितले. सहभोजन आम्ही दर जयंतीला करतो.

बेटीबंदीची भिंत किती जुनी, यावरही अलीकडे जनुकांच्या आधारे काम झाले आहे. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की भारतातील वरच्या जातींचे इतरांत मिसळणे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्त काळाच्या सुमारास, एकाएकी थांबलेले दिसते. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या आसपास धरला होता. बेटीबंदी आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी एकच नाहीत, आणि एकीवरून दुसरी सिद्ध झाली असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. पण दोन्ही तारखा एकाच काळाकडे बोट दाखवतात, याची नोंद अभ्यासकांनी घ्यायला हवी.

कोणी म्हणेल, मग जातीबाहेर लग्न केले की झाले! तसेही नाही. परधानाने गोंडात लग्न केले, आमच्या मुलीने तेली मुलाशी केले, तरी दोघेही वाहक असू शकतात. म्हणून तपासणी हवीच. सोल्युबिलिटीची चाचणी बोटाच्या एका थेंबावर होते, पण ती फक्त सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच्या चाचणीनेच कळते. पहिल्या चाचणीवर थांबून घरी परत पाठवलेले कितीतरी लोक आपल्याला नेमके काय आहे हे न कळताच जगतात.

हिशेबाची दुसरी बाजूही लोकांना नीट सांगितली जात नाही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्ण निरोगी होण्याची चारात एक. हे प्रत्येक वेळी नव्याने. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन बरी निघतील, असा अर्थ कित्येक जण काढतात. तो चुकीचा आहे. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मूल रुग्ण होत नाही. तिथे घाबरण्याचे कारणच नाही. वाहक स्वतः आजारी नसतो. तो शेती करतो, पोलिसात भरती होतो, म्हातारा होतो. वाहक मुलीचे लग्न मोडणारे लोक अज्ञानी आहेत, आणि मुलीचीच तपासणी मागून आपल्या मुलाची टाळणारे अज्ञानीही नाहीत, लबाड आहेत. मूल आजारी झाले की सुनेला दोष देतात. एसएसमधला एक एस बापाचा असतो, हे त्या घरातल्या बापाला कोणीतरी सांगायला हवे. आम्हाला फोन करणाऱ्या वडिलांना ते माहीत होते. त्यांनी धाकट्या मुलीचीही तपासणी करून घेतली. ती एएस निघाली.

आता सरकारकडे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत आजार हटवायचा आणि १७ राज्यांतील चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे तिचे उद्दिष्ट ठरले. मोहीम चांगली आहे, तिचे स्वागत आहे. पण तिची आखणी आदिवासीबहुल भाग डोळ्यांपुढे ठेवून झाली. आदिवासी बांधवांना ती आधी मिळावी, यात वाद नाही. परंतु नागपूरच्या वस्त्यांतला, भंडाऱ्याच्या गावातला अनुसूचित जातीचा रुग्ण त्या आखणीच्या कडेला राहता कामा नये. जनुक जातीचा दाखला बघून येत नाही.

कायद्याचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घातले. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. पण त्याच कायद्यातील सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणाच्या प्रकारांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिका, पण नोकरीच्या दारात या कायद्याची मदत नाही. वर प्रमाणपत्र देताना शरीरावर दिसणारे व्यंग शोधले जाते. दर दोन महिन्यांनी दवाखान्यात पडून राहणाऱ्या मुलाचे व्यंग त्यांना दिसत नाही. हा प्रश्न संसदेत उचलायला आमच्या राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या खासदारांना कोणी अडवले आहे?

दरम्यान परदेशात विज्ञान पुढे गेले आहे. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस एका जनुक-उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मज्जेतील मूळपेशी बाहेर काढून त्यांतले एक बटण बंद करतात आणि गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा चालू होते. अमेरिकेत त्याची किंमत एका माणसामागे २२ लाख डॉलर ठेवली गेली. आमच्या माणसाला आज मागायचे आहे ते त्याहून फार स्वस्त आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया संपू नये, जिल्ह्याच्या ठिकाणी एचपीएलसीचे यंत्र बंद पडून राहू नये, आणि जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी व्हावी.

सरकारकडून हे मागत असताना आपल्या हातातले आपण करू शकतो. विदर्भातील जयंती मंडळांनी १४ एप्रिलला डीजेच्या एका रात्रीचे पैसे वाचवून तपासणीचे शिबिर घ्यावे. रक्तदानाची शिबिरे आपण वर्षानुवर्षे घेतच आहोत, तेच कार्यकर्ते आणि तेच टेबल चालेल. परिचय मेळाव्यांच्या आयोजकांना आमची वेगळी विनंती आहे. कोणाचा पॅटर्न माईकवरून सांगू नका, तो खाजगी राहिला पाहिजे. फॉर्मवर फक्त विचारा, तपासणी झाली आहे काय, होय किंवा नाही. नाही असेल तर मांडवाच्या बाजूलाच ती करून द्या, मुलाची आणि मुलीची दोघांचीही, आणि दोन्ही घरांनी बोलणी पुढे नेण्याआधी रिपोर्ट एकमेकांना दाखवावेत. यंदाचे फॉर्म छापायला जायचे आहेत. नव्या रकान्याला जागा पुरत नसेल तर पोटजातीचा काढा.